ताप उतरल्यावरही जपा : लेकरांच्या औषधांबाबत आपल्या वस्त्यांनी काय शिकायला हवे

पावसाळा सरता सरता बारामती आणि इंदापूर तालुक्यांत घरोघरी लेकरे तापाने फणफणतात. सर्दी, खोकला, डेंग्यू, कांजिण्या, काही ना काही चालूच असते. अशाच दिवसांत वस्त्यांवर फिरताना आम्ही घरोघरी एक साधा प्रश्न विचारायचो, "ताई, औषधांचा डबा दाखवता का?" बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी पुढे यायची. तिच्यात थोरल्याची उरलेली बाटली, शेजारणीने दिलेली पट्टी, लेबल निघालेले सिरप, झाकण हरवलेले ड्रॉप्स, आजोबांच्या डोकेदुखीच्या गोळ्या असे सगळे एकत्र असायचे. एका घरी नातवाला कांजिण्या आल्या होत्या. आजीने त्याला स्वतःच्या पट्टीतली अर्धी गोळी पाण्यात विरघळवून दिली होती, कारण "माझा ताप हिनेच उतरतो". ती गोळी ॲस्पिरिनची होती. मुलगा सुखरूप राहिला. पण त्या अर्ध्या गोळीत काय धोका होता हे आजीला कोणीच कधी सांगितले नव्हते.

हा लेख त्याच धोक्यांबद्दल आहे. आम्ही डॉक्टर नाही, समाजकार्य करणारी माणसे आहोत. म्हणून येथे उपचार सांगत नाही. लेकरू विषाणूच्या आजारातून उठत असताना घरात औषधांच्या कोणत्या चुका होतात आणि त्या कशा टाळायच्या, एवढेच मांडतो आहोत.

नागपुरातील ते दिवस

२ ऑक्टोबर २०२५ रोजी अशोक विजयादशमी होती. दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय लोटला होता. त्याच दिवसांत नागपुरातील रुग्णालयांत मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून आणलेली लहान लेकरे मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यूशी झुंजत होती. त्यांचा मूळ आजार काय होता? साधी सर्दी, ताप, खोकला. परासिया भागातील या मुलांना 'कोल्ड्रिफ' नावाचे खोकल्याचे सिरप दिले गेले होते. तामिळनाडूतील सरकारी तपासणीत त्या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळले. औषधात ते ०.१ टक्क्याच्या वर असू नये असा दंडक आहे. वीसहून अधिक मुले गेली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या बॅचची विक्री आणि वापर तातडीने थांबवण्याचा इशारा दिला.

हे विष औषधात येते कसे? सिरप पातळ, गोड आणि एकजीव राहावे म्हणून त्यात ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. हा कच्चा माल औषधी दर्जाचा हवा. त्याऐवजी कारखानदारीत वापरायचा स्वस्त माल आला आणि तो तपासलाच नाही, तर डायइथिलीन ग्लायकॉल बाटलीत उतरते. त्याची चव गोडसर असते. आईला ते रंगावरून, वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. शरीरात गेल्यावर ते मूत्रपिंडावर घाला घालते आणि लघवी बंद होते.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्णांचा बळी गेला. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी करून औषध प्रशासनातील भ्रष्टाचाराचे वाभाडे काढले. जवळपास चाळीस वर्षांनी तेच विष पुन्हा लेकरांच्या चमच्यात आले. मधल्या काळात २०१९-२० मध्ये जम्मूतील रामनगर, २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबिया आणि त्याच वर्षी उझबेकिस्तान येथेही भारतात बनलेल्या सिरपशी जोडलेले बालमृत्यू झाले.

ही चूक आईबापांची नाही. कारखाना तपासणे हे सरकारचे काम आहे आणि त्याचा जाब आपण विचारलाच पाहिजे. पण आपल्या हातातही एक गोष्ट आहे. जे औषध लेकराला लागतच नाही, ते घरात आणायचे नाही.

खोकल्याचे सिरप : बहुतेक वेळा लागतच नाही

सर्दी-खोकला बहुतांशी विषाणूमुळे होतो आणि शरीर स्वतःच त्याला हरवते. ताप सहसा तीन-चार दिवसांत उतरतो, खोकला मात्र दोन आठवडेही रेंगाळू शकतो. तो लवकर थांबावा म्हणून आपण सिरप आणतो आणि खोकला आपल्या वेळेने थांबला की श्रेय सिरपला देतो.

३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सर्व राज्यांना कळवले की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये अशी सूचना औषध महानियंत्रकांनी काढली होती. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या अनेक 'कोल्ड' सिरपमध्ये हेच मिश्रण असते.

मग काय करायचे? कोमट पाणी, पेज, वरणाचे पाणी थोडे थोडे पाजत राहा. अंगावर पिणाऱ्या बाळाला जास्त वेळा पाजा. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला अर्धा चमचा मध चालतो, पण एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात चाटवू नका, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. उकळत्या पाण्याच्या पातेल्याशी लेकराला वाफेला बसवू नका, भाजण्याचा धोका असतो.

पॅरासिटामॉल : औषध चांगले, हिशेब चुकतो

तापासाठी मुलांना सर्वांत सुरक्षित मानले जाणारे औषध म्हणजे पॅरासिटामॉल. पण तेही प्रमाणाबाहेर गेले तर यकृत बिघडवते. त्याचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही.

खरी गफलत बाटलीत आहे. बाजारात पॅरासिटामॉल तीन ताकदींत सहज मिळते : ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचे सिरप, ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचे सिरप आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स. दहा किलोच्या मुलाचा विचार करू. त्याला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम हवे. पहिल्या बाटलीतून ५ मिली दिले तर १२५ मिलिग्रॅम जाते, म्हणजे बरोबर. दुसऱ्या बाटलीतून तेच ५ मिली दिले तर २५० जाते, म्हणजे दुप्पट. आणि ड्रॉप्सची बाटली घेऊन "एक चमचा" दिला तर थेट ५०० मिलिग्रॅम, चौपट! लहान बाळाचे म्हणून ड्रॉप्स हलके असतील असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते सर्वांत कडक असतात.

म्हणून तीन गोष्टी पाळा. पहिली, मुलाचे वजन माहीत असू द्या. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते, ताईंना विचारून ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुसरी, घरातला चमचा वापरू नका. चहाचा चमचा कोणाकडे ३ मिलीचा, कोणाकडे ७ मिलीचा असतो. बाटलीसोबतचे मापाचे झाकण किंवा ड्रॉपरच वापरा, नसेल तर मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज मागून घ्या. तिसरी, तापाचे सिरप चालू असताना 'कोल्ड'चे सिरप जोडीला देऊ नका. त्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतेच आणि डोस नकळत दुप्पट होतो. दिलेला प्रत्येक डोस वेळेसह लिहून ठेवा. सकाळी आई कंपनीत गेली, दुपारी आजीने दिले, संध्याकाळी आल्यावर आईने पुन्हा दिले, असे आपल्याकडे सर्रास घडते. एमआयडीसीत पाळीने काम करणाऱ्या घरांत तर हमखास.

ॲस्पिरिन : कांजिण्या आणि फ्लूमध्ये नकोच

आता त्या आजीच्या अर्ध्या गोळीकडे येऊ. १९६३ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. डग्लस रे यांनी मुलांमधील एका विचित्र आजाराची नोंद केली. फ्लू किंवा कांजिण्यांसारख्या आजारातून मूल बरे होत आलेले असते. मग अचानक सतत उलट्या सुरू होतात, ते सुस्त पडते, बरळते, चिडते, बेशुद्ध होते. यकृत बिघडते आणि मेंदूला सूज येते. याला 'रे सिंड्रोम' म्हणतात. पुढे अमेरिकेतील अभ्यासांतून दिसले की ही मुले बहुतेक करून आजारात ॲस्पिरिन घेतलेली होती.

अमेरिकेत १९८० साली अशा ५५५ रुग्णांची नोंद झाली. मग सरकारने पालकांना जाहीर इशारा दिला, १९८६ मध्ये ॲस्पिरिनच्या वेष्टनावर तो छापणे बंधनकारक केले. १९९४ ते १९९७ या काळात तेथे वर्षाला दोनपेक्षा जास्त रुग्ण आढळले नाहीत. त्यासाठी कोणती नवी लस निघाली नव्हती, नवे रुग्णालय उभे राहिले नव्हते. आईबापांपर्यंत एक माहिती पोहोचली आणि लेकरे वाचली. कार्यकर्त्यांनी हे मनावर कोरून ठेवावे.

आपल्याकडे ॲस्पिरिन वेगवेगळ्या नावांनी मिळते. डिस्प्रिनसारख्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळीत तेच असते. पट्टीवर 'ॲस्पिरिन' किंवा 'ॲसिटिलसॅलिसिलिक ॲसिड' लिहिलेले दिसले तर ती गोळी सोळा वर्षांखालील मुलाला स्वतःहून देऊ नका. काही मुलांना हृदयाच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या आजारासाठी डॉक्टर मुद्दाम ॲस्पिरिन देतात. ते आपल्या मनाने बंद करू नका, पण अशा मुलाला ताप किंवा कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

डेंग्यू आणि 'कडक' गोळ्या

तापाने अंग मोडून आले की लोक "कडक गोळी द्या" म्हणतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड या त्या गोळ्या आणि सुया. डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो आणि ॲस्पिरिनसह ही औषधे तो वाढवतात. ताप डेंग्यूचा नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरे काही नको. कांजिण्यांतही आयब्युप्रोफेन टाळतात, कारण त्वचेच्या गंभीर जंतुसंसर्गाशी त्याचा संबंध दिसला आहे. निमेसुलाइडला तर बारा वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे. थोरल्यांसाठी आणलेली पट्टी घरात पडून असते, तिचा तुकडा लेकराला द्यायचा मोह होतो. तो टाळा.

डेंग्यूबद्दल आणखी एक गोष्ट. ताप उतरला की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि कामावर जातो. पण डेंग्यूत सर्वांत धोक्याचे एक-दोन दिवस ताप उतरतानाच सुरू होतात. पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, मूल मलूल होणे, यापैकी काहीही दिसले तर थांबू नका.

उरलेली ॲन्टिबायोटिक आणि सलाईनचा हट्ट

ॲन्टिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूवर नाही. साध्या सर्दीत ते देऊन ताप लवकर उतरत नाही. उलट जुलाब होतात आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडेनासे होते. पट्टीवर किंवा बाटलीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, हे साक्षर नसलेल्या आजीलाही शिकवता येते. पावडरमध्ये पाणी घालून बनवायचे सिरप एकदा कालवले की साधारण आठवडाभरच टिकते. मागच्या दिवाळीतली बाटली या दिवाळीत वापरणे म्हणजे बिघडलेले औषध पाजणे.

"सुई मारा, सलाईन लावा" हा हट्टही सोडू या. जे मूल तोंडाने पिऊ शकते त्याला सहसा सलाईनची गरज नसते. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएसची पुडी, पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात. दुकानातील गोड पेयांच्या डब्यांना 'ओआरएस' म्हणता येणार नाही, असा आदेश केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला आहे, हेही ध्यानात असू द्या.

लगेच दवाखाना कधी गाठायचा

तीन महिन्यांखालील बाळाला कोणताही ताप आला तर. मूल पीत नसेल, प्रत्येक घोट उलटून पडत असेल तर. श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल तर. झटका आला, मूल गुंगीत असेल किंवा ओळखत नसेल तर. सहा ते आठ तास लघवी झाली नसेल तर. छिंदवाड्याच्या मुलांमध्ये लघवी बंद होणे हीच धोक्याची मोठी खूण होती. आणि बरे होत आलेले मूल पुन्हा बिघडले, विशेषतः उलट्या आणि सुस्ती आली तर.

जाताना दिलेल्या सर्व औषधांच्या बाटल्या आणि पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्या. "पांढरे औषध दिले होते" एवढ्यावर डॉक्टर काही करू शकत नाहीत. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. इंदापूर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कोठे जायचे हे ताप येण्याआधीच ठरवून ठेवा.

अज्ञान की अगतिकता?

शिकलेली माणसे सहज म्हणतात, "हे लोक अडाणी आहेत, मेडिकलमधून काहीही घेतात." आम्हाला हे मान्य नाही. सरकारी दवाखान्याची ओपीडी दिवसा असते आणि रांगेत उभे राहिले की त्या दिवसाची हजेरी बुडते. खासगी डॉक्टरची फी आणि औषधे मिळून मजुरीचे दोन-तीन दिवस जातात. रात्री ताप चढला तर उघडे असते ते नाक्यावरचे मेडिकल. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांवर दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. पहाटे फडात जाणाऱ्या त्या आईने लेकराला कधी आणि कोणाकडे दाखवायचे? चुकीचे औषध घेणे हा अनेकदा तिच्यापुढचा एकमेव मार्ग असतो. म्हणून माहिती देणे आणि सेवा मागणे ही दोन्ही कामे बरोबरच करावी लागतील.

रमाई आणि बाबासाहेबांच्या पाच अपत्यांपैकी फक्त यशवंत जगले. १९२६ साली लाडका राजरत्नही गेला. गरिबीत लेकरू गमावण्याचे दुःख आपल्या चळवळीच्या घरातच आहे, ते आपल्याला परके नाही. आणि विनयपिटकात रुग्णसेवकाचे गुण सांगताना भगवान बुद्धांनी औषध नीट तयार करता येणे आणि रुग्णाला काय हितकर, काय अहितकर हे ओळखणे यांनाच सुरुवातीचे स्थान दिले. मैत्रीभाव त्यानंतर येतो. नुसती माया पुरत नाही, माहितीही लागते.

तरुणांनी काय करावे

रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास 'औषधाचा डबा' हा कार्यक्रम घ्या. प्रत्येकाने घरचा डबा आणायचा. मुदत संपलेली, लेबल नसलेली, कालवून आठवडा उलटलेली औषधे वेगळी काढायची. आशाताई किंवा एखाद्या फार्मासिस्टला बोलवा, वर सांगितलेला तीन बाटल्यांचा हिशेब फळ्यावर करून दाखवा. मोठ्यांच्या गोळ्या आणि मुलांची औषधे वेगळ्या डब्यांत, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवण्याची सवय लावा.

मेडिकलमधून बिल मागा. बिलावर बॅच क्रमांक असतो. उद्या एखाद्या बॅचवर बंदी आली तर आपल्या घरातील बाटली तीच आहे का हे त्यावरूनच कळते. संशय आला तर बाटली फेकू नका, वापर थांबवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.

आणि मागणी करा. ग्रामसभेत ठराव मांडा : प्राथमिक आरोग्य केंद्रात पॅरासिटामॉल आणि ओआरएस कायम असावे, गळीत हंगामात कोप्यांवर संध्याकाळी आरोग्य पथक यावे, औषध दुकानांची तपासणी नियमित व्हावी. विष असलेली बाटली कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर आईला ते ओळखता येत नाही. ती बाटली बाहेर पडू नये यासाठी शासनाला धारेवर धरणे हे आपले काम आहे.

त्या आजीच्या घरी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा डबे दोन झाले होते. एकावर तिच्या नातीने खडूने लिहिले होते, "फक्त आजी". इतके साधे काम आहे हे. आपापल्या वस्तीत या रविवारपासूनच सुरू करा.

जय भीम.